पन्नास वर्षांची तार

मोटारगाडीविषयी माझे जे काही ज्ञान आहे ते मागच्या सीटवर बसून मिळवलेले आहे. वर्गात अलंकार आणि वृत्ते शिकवणाऱ्या माणसाने बॉनेट उघडून आत डोकवावे अशी कोणाची अपेक्षा नसते, आणि मीही तशी आशा कोणाला लावलेली नाही. त्यामुळे यंदा मी मोटारीच्या दिव्यांवर लिहिले आहे हे पाहून आमच्या प्राध्यापकांच्या खोलीत बरीच करमणूक होणार. होवो. दिवाळी दिव्यांचीच असते. आणि पणती, समई, आकाशकंदील यांवर आजवर इतके लिहून झाले आहे की सात इंची गोल हेडलाईटला एखाद्या वर्षी जागा मिळाली तर पणती काही रागावणार नाही.

गेल्या वर्षीची दिवाळीची सुट्टी मी इंग्लंडात थोरल्या बहिणीकडे काढली. आमच्या घरात आक्का पहिली आणि मी शेंडेफळ. दाजींना आता सहासष्टावे लागले आहे. जन्मभर पाण्याच्या पंपांवर काम केलेला इंजिनिअर माणूस. निवृत्त झाल्यापासून त्यांचे सगळे लक्ष घरामागच्या शेडमध्ये असते आणि शेडमध्ये त्यांची एम.जी. असते. ऑक्सफर्डच्या दक्षिणेला ॲबिंग्डन म्हणून एक जुने गाव आहे. त्याच्या आसपासच्या एका खेड्यात ही दोघे राहतात. म्हणजे गाडी माहेरीच नांदते आहे म्हणायची, कारण एम.जी. ॲबिंग्डनच्याच कारखान्यात तयार होत.

एम.जी. ही अक्षरे ‘मॉरिस गॅरेजेस’ची. ऑक्सफर्डात सायकली दुरुस्त करता करता मोटारी बनवू लागलेला जो विल्यम मॉरिस, त्याचे हे दुकान. कारखाना १९२९ साली ॲबिंग्डनला गेला आणि १९८० साली कायमचा बंद झाला. दाजींची गाडी ‘एम.जी.बी.’ जातीची. ही जात १९६२ ते १९८० अशी अठरा वर्षे निघत होती, आणि पाच लाखांहून अधिक गाड्या निघाल्या. त्यांतल्या बहुतेक अमेरिकेला गेल्या. आपल्याकडच्या वाचकाला हे सगळे परके वाटायला नको. आपली अँबॅसडर ही याच मॉरिस घराण्यातल्या ऑक्सफर्ड गाडीची लेक, आणि तिच्यात वर्षानुवर्षे जे पेट्रोल इंजिन होते ते एम.जी.बी.च्या इंजिनाचे सख्खे भावंड. एक भाऊ विलायतेत टोपी मागे टाकून उनाडला, दुसऱ्याने इकडे लाल दिवा लावून मंत्र्यांची ने-आण केली. (एम.जी. हे नाव आता एका चिनी कंपनीकडे आहे आणि त्या नावाच्या गाड्या २०१९ पासून गुजरातेत हलोललाही निघतात. पण हे दाजींपुढे काढू नये.)

दाजींची गाडी १९७२ ची, बाटलीसारख्या हिरव्या रंगाची, दोनच माणसांची. इतकी बुटकी की आत बसताना आपण मोटारीत बसतो आहोत की विहिरीत उतरतो आहोत, असा प्रश्न पडावा. सीटच्या मागे सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या जोडून बारा व्होल्ट केलेले. मला पहिल्याच दिवशी हे सारे दाखवण्यात आले. आक्का मात्र त्या गाडीत क्वचितच बसे. रोजच्या कामाची दुसरी गाडी ती स्वतः चालवते, आणि हिला म्हणते ‘तुमची ती’.

आता दिवे. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडे घड्याळे तासभर मागे घेतात, आणि नोव्हेंबरात साडेचारच्या सुमारासच दिवेलागण होते. मग पुढचे पंधरा तास मिट्ट काळोख. खेड्यांतल्या रस्त्यांवर दिवे नसतात. दोन्ही बाजूंनी माणसाहून उंच झुडुपांच्या भिंती, मधून एक गाडी जेमतेम जाईल एवढी वाट, आणि तीवर कायद्याने ताशी साठ मैलांपर्यंत मुभा! दाजी दर गुरुवारी सहा मैलांवरच्या एका खानावळीत जुन्या गाड्यांच्या मंडळींच्या बैठकीला जातात. तिथे जुनीच गाडी न्यायची हा अलिखित नियम.

एका गुरुवारी मी त्यांच्याबरोबर होतो. परतताना समोरून एक धिप्पाड गाडी आली. दाजींनी दिवे खाली केले. ती गेली आणि क्षणभर दोघांनाही काही दिसेना. मग मला डाव्या बाजूला एक कुत्रे दिसले आणि कुत्र्याच्या साखळीच्या टोकाला काळा कोट घातलेला माणूस. मी ओरडलो, “दाजी, माणूस!” दाजींनी ब्रेक दाबला. त्या माणसापासून दोन हातांवर आम्ही थांबलो. तो काही बोलला नाही. त्याने काठी उचलून आमच्या दिव्यांकडे दाखवली आणि मान हलवीत निघून गेला. तो असा बोलला असता तर बरे झाले असते.

घरी आल्यावर आक्काला सांगणे भाग होते. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, “अहो, ही गाडी आजपासून अंधारात बाहेर काढायची नाही.” दाजी म्हणाले, “अगं, दिव्यांचा दोष आहे. दिवे बदलले की झालं.” आक्काने माझ्याकडे वळून विचारले, “बाळू, माणूस पहिल्यांदा कुणी पाहिला?” मी खरे तेच सांगितले. ती पुढे काही बोलली नाही. त्या न बोलण्याचा अर्थ मला तीन आठवड्यांनी कळला.

दिव्यांचा दोष होता, यात मात्र शंका नाही. या जुन्या इंग्रजी गाड्यांच्या विजेवर तिकडे एक अख्खे विनोदवाङ्मय आहे. त्यांची विजेची सामग्री बर्मिंगहॅमच्या लुकास कंपनीची असे, म्हणून त्या नावाला थट्टेने ‘अंधाराचा युवराज’ म्हणतात. स्विचला तीनच जागा असतात म्हणे : मंद, लुकलुक आणि बंद! मला ही थट्टा थोडी अन्यायाची वाटते. मूळपुरुष जोसेफ लुकास रस्त्यावर रॉकेल विकत असे, तिथून तो सायकलीच्या दिव्यांपर्यंत पोचला. ‘किंग ऑफ द रोड’ नावाचा त्याचा दिवा गेल्या शतकाच्याही आधीचा. आणि पन्नास वर्षे उन्हापावसात राहिलेली तार क्षीण झाली तर तो दोष तिच्या जन्मदात्याच्या माथी मारणे बरे नव्हे.

दाजींचा पहिला बेत साधा होता : शंभर वॉटचे बल्ब आणायचे. भाजी आळणी झाली, तर मीठ वाढवा. तो बेत मोडला शेजारच्या म्हातारबुवांनी. हे गृहस्थ पंचाहत्तरीचे, जन्मभर वायरमन. ते कुंपणापलीकडून म्हणाले, “आधी मोजा.” दुसऱ्या दिवशी सकाळी मीटर घेऊन ते हजर.

इंजिन चालू करून, दिवे लावून, बॅटरीपाशी मोजले : तेरा पूर्णांक आठ व्होल्ट. मग दिव्याच्या पाठीशी मोजले : अकरा पूर्णांक नऊ. जवळजवळ दोन व्होल्ट वाटेतच गळाले होते. मला वाटले, चौदातले दोन गेले, म्हणजे सातवा हिस्सा. एवढ्याने काय होते? म्हातारबुवा हसले. तारेच्या दिव्याचा स्वभाव असा, की विजेचा दाब दहा टक्के उतरला तर प्रकाश दहा नव्हे, तीस टक्के उतरतो. आमच्या हिशेबात प्रकाश साठ टक्क्यांवर आला होता. दिव्यात काही खोट नव्हती. तो अर्धपोटी होता.

हे दोन व्होल्ट जातात कुठे? या गाडीत हेडलाईटची सगळी वीज बॅटरीकडून निघते, डॅशबोर्डवरच्या स्विचपर्यंत येते, तिथून सुकाणूच्या दांडीवरच्या डिपरच्या कांडीत शिरते आणि मग पुन्हा गाडीच्या नाकापर्यंत जाते. साठ-साठ वॉटचे दोन दिवे म्हणजे दहा अँपिअर वीज त्या लांबलचक बारीक तारेतून आणि झिजलेल्या दोन स्विचांतून न्यायची. वाटेत फ्यूजसुद्धा नाही. शंभर वॉटचे बल्ब लावले असते तर सतरा अँपिअर झाले असते. प्रकाश थोडा वाढला असता आणि स्विच भाजून निघाला असता. शिवाय इतक्या ताकदीचे बल्ब तिकडे रस्त्यावर चालतही नाहीत.

समोरच्या जाळीमागे तारांचे जोड आहेत. पितळी गोळ्या रबरी नळीत खुपसून केलेले. म्हातारबुवांनी एक ओढून काढला आणि माझ्या हातावर ठेवला. त्यावर हिरवा थर. कल्हई गेलेल्या पितळेच्या पातेल्यात ताक ठेवले म्हणजे जे होते तेच. मी आनंदाने म्हणालो, “कळकलंय!” दाजींनी त्या शब्दाचे इंग्रजी करण्याचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. सगळ्यांत वाईट अवस्था होती काळ्या तारेची, म्हणजे वीज परत नेणाऱ्या ‘अर्थ’च्या जोडाची. जाणाऱ्या विजेची काळजी सगळे घेतात, परतणाऱ्या विजेकडे कोणी पाहत नाही.

उपाय म्हणजे रिले. हे काय असते ते मला आता इतके नीट समजले आहे की मी ते बी.ए.च्या वर्गालाही समजावून देईन. बंगल्याच्या फाटकावर भालदार उभा असतो. मालक दिवाणखान्यातून फक्त टाळी वाजवतो. जड फाटक उघडतो तो भालदार. जुन्या स्विचाने आता एवढीच टाळी वाजवायची, पाव अँपिअरही नाही. रिलेतले छोटे विद्युत्चुंबक त्या इशाऱ्यावर लोहपट्टी ओढते, आणि दिव्यांची दहा अँपिअर वीज बॅटरीच्या बाजूने जाड तारेने, फ्यूजमधून, थेट दिव्याकडे जाते. असे दोन रिले : एक लांबच्या झोतासाठी, एक खालच्या. काडेपेटीहून जरा थोराड अशा काळ्या डब्या. गाडीच्या मूळ तारा कापायच्या नाहीत, रंगही पाळायचे : निळा-पांढरा लांबचा, निळा-लाल खालचा. उद्या कोणाला गाडी होती तशी करायची झाली तर अर्ध्या तासात सगळे निघून यावे. या शेवटच्या अटीबद्दल दाजी फार काटेकोर होते. गाडी आपल्याकडे ठेव म्हणून आहे, असे ते म्हणतात.

दुसरा बदल दिव्याचाच. मूळचा दिवा ‘सील्ड बीम’ : काच, आरसा आणि तार मिळून एकच बंद भांडे. तार तुटली तर सगळा दिवा टाकून द्यायचा. त्या जागी त्याच सात इंची मापाची काच आणि आत बदलता येणारा ‘एच-फोर’ हॅलोजन बल्ब बसतो. (हेच माप कितीतरी जुन्या जीपांचे आणि बुलेटचे. तेव्हा हा मजकूर कोल्हापुरातल्या एखाद्या गॅरेजातही उपयोगी पडावा.) या बल्बात दोन तारा असतात. खालच्या झोताच्या तारेखाली पत्र्याची एक चिमुकली पन्हळ असते, आणि तीच सगळी करामत करते. वर उसळणारा प्रकाश ती अडवते, म्हणून समोरच्याच्या डोळ्यांत न जाता तो रस्त्यावर पडतो. समईच्या वातीपुढे हात धरावा तसे.

दाजींना कोणीतरी एल.ई.डी.चे बल्बही सुचवले होते. वीज कमी, उजेड पांढराशुभ्र. म्हातारबुवांनी नाक मुरडले. त्या काचेचा आणि आरशाचा सारा हिशेब तार नेमक्या कुठल्या बिंदूवर आहे यावर बसवलेला असतो. दिवा त्या बिंदूपासून जरा हलला की झोत विस्कटतो. आपल्याला पुढे लख्ख दिसल्यासारखे वाटते, आणि समोरचा आंधळा होतो. शिवाय चाळीस वर्षांवरच्या गाडीला तिकडे २०१८ पासून वार्षिक तपासणी माफ आहे. म्हणजे तुमचे दिवे कोणाच्या डोळ्यांत जातात हे पाहायला वर्षाकाठी एक माणूस होता, तोही आता नाही.

आपल्याकडे ट्रकांच्या पाठीवर रात्री डिपर वापरण्याची विनंती मोठ्या अक्षरांत रंगवलेली असते. पुण्याहून साताऱ्याला रात्री जाताना ती वाचण्याइतके तरी आपल्याला दिसते हेच नशीब. विनंती करणारे आणि न मानणारे बहुधा एकच असावेत.

काम दोन दिवस चालले. दिव्यांच्या पाठीमागचे पत्र्याचे वाडगे चाकाने उडवलेल्या चिखलाने गंजून चाळण झाले होते, तेही बदलले. माझ्याकडे विजेरी धरण्याचे काम होते. शेवटी मीटर लावले : दिव्यापाशी तेरा पूर्णांक चार. पूर्वीच्या दीडपट प्रकाश, आणि बल्ब त्याच वॉटचे. मग संध्याकाळी गाडी शेडच्या भिंतीसमोर पाच मीटरवर उभी करून झोत जुळवला. भिंतीवर दिव्याच्या मध्याच्या उंचीची रेघ काढायची आणि झोताची वरची कड तिच्याखाली पाच सेंटिमीटर ठेवायची. डाव्या बाजूला ती कड वर चढत जाते, म्हणजे कडेने चालणारा माणूस दिसावा. अमेरिकेतून परत आणलेल्या गाड्यांत ती उजवीकडे चढते, तिथे दिवे बदलावेच लागतात. भिंतीवरची ती धारदार कड पाहून दाजींनी आक्काला हाक मारली. ती हात पुसत आली, पाहिले, “छान आहे,” म्हणाली आणि आत गेली. फराळाचे करायचे होते.

पुढच्या गुरुवारी आम्ही दोघे पुन्हा निघालो. रस्ता असा उजळला होता की झुडुपांतली पाने मोजावीत. दाजी खुशीत होते. ताशी तीस मैलांवर गाडी थांबायला तेवीस मीटर लागतात, पन्नासावर त्रेपन्न, साठावर त्र्याहत्तर, हा तिकडच्या वाहतूक-पुस्तिकेतला तक्ता ते मला तोंडपाठ म्हणून दाखवीत होते. तेवढ्यात समोरून एक गाडी आली आणि ते थांबले. तक्त्याचेही आणि गाडीचेही. कडेला घेऊन पूर्ण थांबले, ती गाडी जाईपर्यंत. पुढे दुसरी आली, पुन्हा तेच. मी विचारले. ते म्हणाले, “या नव्या गाड्यांचे दिवे फार टोचतात रे. त्यांच्याभोवती चक्र दिसतं, इंद्रधनुष्यासारखं.” आमची गाडी बुटकी, नव्या गाड्या उंच, त्यांचे दिवे नेमके आमच्या डोळ्यांच्या रेषेत, हे खरेच आहे. पण मला टोचले तरी चक्र दिसत नव्हते.

घरी आल्यावर आक्काने मला स्वयंपाकघरात बोलावले. तिला मी चक्राचे सांगितले. “मला त्याच दिवशी समजलं होतं,” ती म्हणाली. “दिवे तेच, रस्ता तोच. तुला माणूस दिसला, यांना नाही.” मी म्हटले, “मग तेव्हाच का नाही बोललीस?” ती म्हणाली, “तेव्हा बोलले असते तर दिव्यांवर गेलं असतं. आता दिवे संपले.”

साठीनंतर तिकडे डोळ्यांची तपासणी फुकट असते. पण दाजी तीन वर्षे गेले नव्हते. दिवसा वीस मीटरवरून नंबरप्लेट वाचता आली पाहिजे असा तिथला नियम. ती त्यांना वाचता येत होती, आणि तेवढ्यावर ते स्वतःला उत्तीर्ण समजत. आक्काने वेळ ठरवली, गाडीत बसवून नेले. तपासणाऱ्या बाईंनी दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू सुरू झाल्याचे सांगितले, उजव्यात जास्त. त्यांनी आणखी एक गोष्ट समजावली, ती मला नवी होती. मोतीबिंदू नसला तरी साठीच्या माणसाच्या डोळ्यात पडद्यापर्यंत पोचणारा प्रकाश विशीतल्या माणसाच्या सुमारे एक तृतीयांश असतो. बाहुली लहान होते, भिंग पिवळे पडते. आणि त्या गढूळ भिंगात समोरचा झोत विखुरला की चक्र दिसते. दाजी परतताना गप्प होते. मग म्हणाले, “म्हणजे इथेही व्होल्टेज ड्रॉपच.” आक्का म्हणाली, “हो. आणि इथे रिले बसत नाही.”

त्या रात्रीपासून अंधारात दाजींनी गाडी चालवायची नाही हे ठरले. वाद झाला नाही. माझ्या निघण्याच्या आदल्या गुरुवारी बैठकीची वेळ झाली तसे दाजी कोट न घालताच बसून राहिले. आक्काने खुंटीवरची एम.जी.ची किल्ली घेतली. वीस वर्षांत तिने त्या गाडीच्या सुकाणूला हात लावला नव्हता. “क्लच जड आहे,” दाजी म्हणाले. “तुमच्या घरचं दळण मी जात्यावर दळलंय,” आक्का म्हणाली. गाडीत दोघांचीच जागा, म्हणून मी दारात उभा राहिलो. फाटकातून बाहेर पडताना तिने झोत लांबचा केला, वळणावर कोणी दिसले असावे म्हणून खाली केला, पुन्हा वर केला. भालदाराने दोन्ही वेळा टाळी ऐकली.

जूनमध्ये दाजींच्या उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. पंधरा दिवसांनी त्यांचा फोन आला. आवाजात तक्रार. म्हणाले, “मास्तर, तू इथे असताना शेडमध्ये कोणी बल्ब बदलले का रे? दिवे पिवळसर होते. आता एकदम पांढरे दिसताहेत.” मी म्हटले, “दाजी, एक डोळा मिटून बघा.” थोडा वेळ फोनवर काहीच आले नाही. मग लांबून त्यांचा आक्काला हाका मारण्याचा आवाज आला.

दुसरा डोळा व्हायचा आहे. तोवर गुरुवारी गाडी आक्काच नेते. त्या खानावळीतल्या बैठकीत तिने आता कार्ब्युरेटरबद्दल मते द्यायला सुरुवात केली आहे, असे दाजी सांगतात.